पोकळ ठिपके

भावंडांत ती शेवटची, आणि उंचीलाही सगळ्यांच्या खाली, म्हणून घरात तिला बारकी म्हणायचे. पुढे ती दातांच्या लॅबमध्ये लागली आणि दिवसभर भिंगाखाली दाढांचे उंचवटे कोरत बसू लागली, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसलं असणार.

लॅब म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळघरातली लांबट खोली. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर लोकांचे जबडे. प्लास्टरचे, नावाच्या पट्ट्या लावलेले, ओळीने तोंड वासून बसलेले. दवाखान्यातून माप यायचं, त्यावरून साचा, साच्यावर मेण, मेणावरून दात. बारकीचा हात दातांच्या रंगावर बसलेला होता. दात पांढरा असतो हे बाहेरच्यांचं मत. लॅबमध्ये पांढऱ्याला निळसर, पिवळसर, करडट असे भाऊबंद असतात, आणि शेजारच्या दाताशी नवा दात जुळला नाही तर माणूस हसायचं सोडतो. रंगपट्टी तिला लागायची नाही असं नाही, पण बहुतेक वेळा ती आधी सांगायची आणि मग पट्टी लावून बघायची.

पतंगांचा नाद तिला जेवणाच्या सुट्टीत लागला. लॅबच्या मागे, भिंत आणि गटार यांच्यामधल्या फटीत, केसाळ पानांचं एक तण माजलेलं असायचं. एकदा डबा खाता खाता तिचं लक्ष एका पानाकडे गेलं. पानात पांढरी नागमोडी रेघ उमटली होती. शेतीवाले तिला नागअळी म्हणतात आणि औषध फवारतात. बारकीने पान तोडून उजेडात धरलं. रेघ एका टोकाला केसाएवढी बारीक होती आणि पुढे रुंद होत गेली होती, आणि रुंद टोकाशी, पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये, काहीतरी हललं. अळी खात खात पुढे जात होती आणि जसजशी वाढत होती तसतसा तिचा रस्ता रुंद होत होता. बारकीला हे इतकं आवडलं की हातातला घास तिने तसाच परत डब्यात ठेवला.

ते पान तिने मेणाच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. काही दिवसांनी बरणीच्या झाकणाला आतून राखेचा एक कण चिकटलेला दिसला. तिने टिचकी मारली तर कण उडाला.

त्या कणाला घेऊन ती पतंग मंडळात गेली. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली, दोन कपाटं, एक सूक्ष्मदर्शक आणि दर महिन्याला जमणारी दहाबारा माणसं. त्यांचे प्रमुख निवृत्त शिक्षक होते. आयुष्यभर विज्ञान शिकवून झाल्यावर त्यांनी उरलेला जीव पतंगांत गुंतवला होता. टोचणी करण्यात त्यांचा हात असा की केसाएवढी टाचणी जिऱ्याएवढ्या पतंगाच्या बरोबर मध्यातून जायची, म्हणून सगळे त्यांना टाचणीमास्तर म्हणायचे. तोंडावर नुसतं मास्तर.

मास्तरांनी बारकीचा कण बघितला आणि म्हणाले, हा बहुतेक राखकण. आपल्या प्रदेशातला सगळ्यात लहान पतंग, मंडळाच्या संस्थापकांनी शोधलेला. पण बहुतेकच. कारण राखकणाला एक जुळा आहे, पंखांवरून दोघांत फरक काढणं देवालाही जमायचं नाही. खात्री करायची तर पोट सोडवून आतली जननेंद्रियं बघावी लागतात. दोन जातींची तिथे कधी जुळत नाहीत.

मास्तरांनीच तिला ते शिकवलं. पोट अलगद सुटं करायचं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मऊ करायचं, खवले ब्रशच्या एका केसाने झाडायचे, आणि आतले भाग उलगडून काचपट्टीवर ठेवायचे. पहिल्याच दिवशी बारकीने ते इतकं सफाईने केलं की मास्तरांनी काचपट्टी दोनदा उजेडाला धरली. मग म्हणाले, "कोणाचे दात घडवतेस म्हणालीस?" तेव्हापासून ती त्यांची लाडकी.

घरी मात्र हे प्रकरण समजावणं अवघड होतं. बारकी थोरल्या बहिणीकडे, ताईकडे राहायची. ताईचं खाली शिलाईचं दुकान, वर दोन खोल्या. ताईच्या नाकावर माशी बसत नसे, पण धाकटीच्या नादापुढे तिनेही हात टेकले होते.

"म्हणजे तू सुट्टीच्या दिवशी," ताईने एकदा सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं होतं, "किड्यांचं नको ते बघत बसतेस?"

"ओळखायला लागतं गं."

"ओळखायला लोक चेहरा बघतात."

शेजारच्यांनी विचारलं तर ताई सांगायची, धाकटीचा लॅबचा जादा कोर्स चाललाय. आणि वर आल्यावर बारकीला म्हणायची, तुझ्यापायी मला खोटं बोलावं लागतं, त्या किड्यांचं पाप माझ्या माथी.

अशी काही वर्षं गेली. बारकीने आपला भाग पालथा घातला. तिचा भाग म्हणजे कारखान्यांचा पट्टा: गोदामं, मालगाड्यांचे रूळ, बंद पडलेली रंगाची फॅक्टरी, ट्रकचे तळ. मंडळातल्या इतरांचे भाग हिरवे होते, बागांचे, टेकड्यांचे, नदीकाठचे. तिकडे कोणी जायचं तर घरच्यांना घेऊन जायचं. बारकीच्या भागात कोणी फिरकत नसे. ती मात्र सुट्टीच्या सकाळी पिशवी घेऊन निघायची, भिंतीकडेची तणं धुंडाळायची, रेघ दिसली की पान घ्यायची, पतंग निघाला की पोट सोडवायची. पहारेकरी तिला आधी हटकायचे, नंतर ओळखू लागले. एकाने तर तिला वेडी समजून बसायला स्टूल दिलं होतं. ती बसली. पान तिथूनही दिसत होतं.

मग मंडळाने प्रदेशाचा नकाशा छापायचं ठरवलं. राखकण कुठे कुठे सापडतो त्याचा नकाशा, थोरल्यांच्या स्मरणार्थ. थोरले म्हणजे संस्थापक. ते जाऊन कैक वर्षं झाली होती, पण खोलीत त्यांचा फोटो होता आणि मंडळात काहीही ठरवायचं तर मास्तरांची नजर आधी तिकडे जायची. खात्रीच्या नोंदीला भरीव ठिपका, शंकेच्या नोंदीला पोकळ.

बारकीने आपल्या सगळ्या काचपट्ट्या नेऊन दिल्या. मास्तरांनी त्या मूळ पट्टीशी ताडून बघितल्या. मूळ पट्टी म्हणजे थोरल्यांनी पकडलेल्या पहिल्या राखकणाच्या पोटाची. राखकण कोण हे तीच ठरवायची. आणि बारकीची एकही पट्टी तिच्याशी जुळेना. बागेवाल्यांची, टेकडीवाल्यांची जुळली. कारखान्यांच्या पट्ट्यातली एकही नाही.

मास्तरांनी तिला बाजूला घेऊन हळुवारपणे सांगितलं की तुझा तो जुळा दिसतो. वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या बैठकीत चिठ्ठी वाच.

ही चिठ्ठी म्हणजे मंडळाची जुनी रीत. एखाद्याची नोंद चुकली असं मास्तरांना वाटलं की त्या माणसाने कागदावर 'माझी नजरचूक झाली' असं लिहायचं आणि बैठकीत उभं राहून वाचायचं. वाचून झालं की ती नोंद खोडली जायची, सगळे टाळ्या वाजवायचे आणि चहाचा पहिला कप त्याला मिळायचा. भांडणं नकोत, कोणाचं तोंड पडायला नको, म्हणून थोरल्यांनी घालून दिलेली पद्धत. सगळ्यांना ती आवडायची. चिठ्ठी वाचायला आजवर कोणी नाही म्हटलेलं नव्हतं.

बैठकीत मास्तरांनी तिच्याकडे बघून मान हलवली. बारकी उभी राहिली. उभी राहिली तरी बसलेल्यांपेक्षा फार उंच दिसत नव्हती. तिच्या हातात कागद नव्हता.

"मी चिठ्ठी आणली नाहीये," ती म्हणाली. "माझी नजर चुकलेली नाही. मी जे बघितलं तेच आहे. जुळत नाही हे खरं. पण न जुळणं ही माझी चूक कशी?"

टाळ्या वाजवायला तयार झालेले हात तसेच मांडीवर आले. सगळ्यात आधी औषधवाले हसले. त्यांचं औषधांचं दुकान होतं, नदीकाठचा सगळा भाग त्यांचा, नकाशावर सगळ्यात जास्त भरीव ठिपके त्यांचेच. मनाने वाईट माणूस नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला असा कारभार.

"बाई, मूळ पट्टी चुकली म्हणता की काय?"

"मूळ पट्टी मी बघितलेलीच नाही. पतंगही नाही. मला बघू द्या. मग बोलते."

मूळ पतंग थोरल्यांच्या पेटीत होता. त्या पेटीला मास्तरांखेरीज कोणी हात लावत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नियम लिहिलेलेच पाळले जातात असं थोडंच आहे. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी चहा आणायला सांगितलं. पहिला कप कोणाला द्यायचा हे कोणालाच कळेना, म्हणून तो टेबलावर निवत राहिला.

घरी आल्यावर ताईने विचारलं काय झालं, आणि ऐकून कपाळाला हात लावला. एवढं शिकवलं त्या माणसाने तुला. एक ओळ लिहायला काय जात होतं? भीड म्हणून काही असते. बारकी म्हणाली, भीड भिकेची बहीण. ताई म्हणाली, आणि हट्ट कोणाचा भाऊ? मग दोघी जेवल्या.

मास्तरांनी शेवटी निरोप पाठवला. माझ्यासमोर, माझ्या घरी, पेटी उघडीन. नकाशा छापायला द्यायचाय, तेव्हा एकदा मनाचं समाधान करून घे आणि चिठ्ठी लिही.

मास्तरांच्या घरी खिडकीजवळ टेबल होतं. त्यांनी पेटी अशी उघडली की जणू आत कोणी झोपलेलं आहे. आत थोरल्यांचे राखकण, केसाएवढ्या टाचण्यांवर, ओळीत. सगळ्यात पहिला तो मूळ. त्याला पोट नव्हतं. ते सोडवून काचपट्टीवर गेलेलं होतं, हे बरोबरच. बाकीच्यांची पोटं जागच्या जागी होती.

बारकीने भिंग लावलं आणि मूळ पतंगाकडे बघण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांकडेच बघत राहिली.

"यांची पोटं चिकटवलेली आहेत," ती म्हणाली.

मास्तरांनी सांगितलं, हो. फार पूर्वी पेटी जिन्यावरून पडली होती. वाळलेल्या पतंगाचं पोट धक्का लागला की गळतंच. थोरल्यांनी सगळी गोळा करून डिंकाने परत लावली. त्यात विशेष काही नाही, सगळीकडे करतात.

"कोणाचं पोट कोणाला, हे कसं कळलं त्यांना?"

"थोरल्यांना कळायचं."

"मास्तर, हा बघा. धड करडं आहे, पोट पिवळसर. हा पलीकडचा बघा, उलटं. हे दात असते तर डॉक्टरांनी परत पाठवले असते. आणि मूळ पतंगाच्या पाठी, पोट होतं तिथे, डिंकाचा थेंब आहे. म्हणजे त्याचंही पोट आधी गळलं होतं, मग लावलं, मग सोडवलं."

मास्तरांनी पेटी बंद केली. रागाने नाही, पण बंद केली. रंग वर्षांनुवर्षांत उडतो, कमी-जास्त उडतो, ते म्हणाले. रंगावरून तू थोरल्यांच्या हाताला खोटं पाडणार? मी त्यांच्याजवळ बसून शिकलोय. त्यांनी बघूनच लावलं असणार. तुझ्याकडे शंका आहे, पुरावा नाही. आणि शंकेला काय, शंका मला तुझ्या सगळ्या ठिपक्यांवर आहे.

जिन्यावरून उतरताना बारकीला कळत होतं की मास्तर म्हणाले त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. रंगावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तिने स्वतःही ठेवला नसता.

त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष नव्हतं. एक कवळी घासता घासता तिने इतकी पातळ केली की मालकांनी ती उजेडाला धरून तिच्याकडे बघितलं. घरी ती आपले पतंग घेऊन बसायची आणि नुसती बघत राहायची. ताई एका गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण उसवत शेजारी बसलेली असायची. राग होताच, पण गप्प बसणं ताईच्या पिंडात नव्हतं.

"एक सांग. प्रत्येक वेळी पोट कापूनच कळतं का गं यांचं, बाई कुठली आणि पुरुष कुठला? बिचाऱ्यांना न कापता काही सोय नाही?"

"आहे की," बारकी म्हणाली. "मागच्या पंखाच्या मुळाशी राठ केस असतो, पुढच्या पंखाला अडकवायला. उडताना दोन्ही पंख बरोबर हलावेत म्हणून. नराला एकच, जाड. मादीला दोन-तीन, बारीक. पण ते कोणी बघत नाही. पोट उघडलं की कळतंच, मग पंख उचकटायची..."

आणि ती थांबली.

"काय झालं?"

"पट्टी नराची आहे," बारकी म्हणाली. "मूळ पट्टी. नराची आहे."

"मग?"

"मग धड कोणाचं आहे ते कोणी बघितलंय?"

ताईने कात्री खाली ठेवली. तिला पतंगातलं काही कळत नव्हतं, पण उसवलेल्या कपड्यांच्या दुकानात आयुष्य गेलं होतं. एकाची बाही दुसऱ्याला लागली तर काय होतं हे तिला सांगायला लागलं नाही. ती म्हणाली, उद्या जा. आणि चप्पल नीट घालून जा, त्या माणसाच्या घरी भांडायला जातेस तर निदान अवतार बरा दिसू दे.

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा त्यांना वाटलं ती चिठ्ठी घेऊन आली आहे. तिने सांगितलं की मला एकच गोष्ट बघायचीय, आणि ती मी बघणार नाही, तुम्हीच बघायची. मूळ पतंगाचा मागचा पंख, मुळाशी. तुमच्या भिंगातून, तुमच्या हाताने. मी खिडकीपाशी उभी राहते.

मास्तरांना ती काय म्हणते ते लगेच कळलं. इतकी वर्षं पतंगांत काढलेल्या माणसाला कळायला वेळ लागणारच नव्हता. कळलं म्हणूनच ते पेटी उघडेनात. ते पाणी प्यायले. त्यांनी चष्मा पुसला. बारकी खिडकीपाशी उभी राहून खालच्या रस्त्यावर कोणी गादी वाहून नेत होतं ते बघत राहिली. मागे पेटीच्या कडीचा आवाज झाला, मग सूक्ष्मदर्शकाचा दिवा लागल्याचा. गादी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली.

"तीन," मास्तर म्हणाले.

त्यांनी परत बघितलं. भिंग बदलून बघितलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले की धड मादीचं आहे. आणि पोट नराचं, म्हणजे पेटीतल्याच दुसऱ्या कोणाचं तरी, कदाचित जुळ्याचंही. मग जरा विचित्र हसून ते म्हणाले, "आम्ही एवढे सगळे. कोणी पंख वर करून बघितला नाही."

"पोटावरून सगळं कळतं म्हणून," बारकी म्हणाली. "मीही बघितलं नसतं."

तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण मास्तर मास्तर होते आणि नकाशाचा छापखाना ठरला होता. त्यांनी विचार करून तोड काढली. मूळ पट्टीबद्दल आत्ता काही बोलायचं नाही. ते पुढे सावकाश बघू. बारकीने चिठ्ठी लिहायची नाही, तो विषय संपला. तिचे ठिपके नकाशात घेऊ, पोकळ ठिपके, शंकेच्या नोंदी म्हणून. तिचाही मान राहील, थोरल्यांचाही राहील.

बारकीला आतून फार बरं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. हे मान्य करून घरी जावं, ताईला सांगावं, झोपावं. मास्तरांचा चेहरा दमलेला दिसत होता. या माणसाने तिला सगळं शिकवलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"आता काय नाही?"

"माझे पोकळ, चालेल. माझा राखकण आहे की जुळा हे मलाही आता माहीत नाही, कारण राखकण कोण हेच ठरायचंय. पण मग औषधवाल्यांचे भरीव कशावरून? तेही त्याच पट्टीवरून ठरलेत. पोकळ तर सगळेच पोकळ. नाहीतर कोणाचेच नाही."

"अख्खा नकाशा पोकळ छापू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, यांना माहीत नाही. ते खरंच आहे."

मास्तर म्हणाले की माणसांनी वर्षानुवर्षं पायपीट करून हे ठिपके मिळवलेत, ते सगळे तुझ्यावर उलटतील. बारकी म्हणाली, उलटू देत. मी पण पायपीट केली, आणि मला तुम्ही एका ओळीची चिठ्ठी मागितली होती.

मास्तरांनी पेटी बंद केली, आणि ते तिला जिन्यापर्यंत सोडायला आले.

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. थोरल्यांच्या फोटोकडे एकदाही बघितलं नाही. पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले ज्याला बघायचंय त्याने बघावं. पहिल्यांदाच ती पेटी सगळ्यांसाठी उघडी होती. माणसं ओळीने उठून भिंगाला डोळा लावून आली. मग जो गलका झाला तो वाचनालयाच्या माणसाला येऊन थांबवावा लागला. टेकडीवाला म्हणाला, बाहेर कशाला सांगता, घरातली गोष्ट घरात राहू दे. औषधवाल्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. त्यांनी पट्टी बघितली, पंख बघितला, परत पट्टी बघितली. मग बारकीकडे वळले.

"तुमचं समाधान झालं का आता? स्वतःचे बुडाले म्हणून आमचेही बुडवलेत."

"बुडवले नाहीत," बारकी बसूनच म्हणाली. "पोकळ केलेत. भरता येतील. माझे तुम्ही खोडायलाच निघाला होतात."

"आणि आम्ही चिठ्ठ्या वाचल्या त्यांचं काय?" एका म्हाताऱ्या सभासदाने मागून विचारलं. त्याने आपल्या काळात तीन वेळा नजरचूक वाचली होती आणि तीन वेळा पहिला चहा घेतला होता. "मी उगाचच वाचल्या की काय?"

मास्तर म्हणाले, बहुतेक. म्हाताऱ्याला एकदम हसू फुटलं. चहा तरी गरम होता, तो म्हणाला.

नकाशा तसाच छापला गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोकळ ठिपक्यांचा, खाली मास्तरांच्या सहीने दोन ओळी की मूळ नमुन्याची ओळख संशयास्पद ठरल्याने सर्व नोंदी तपासाधीन आहेत. त्यात बारकीचं नाव नव्हतं. तिने मागितलंही नव्हतं. कारखान्यांच्या पट्ट्यात तिची वर्तुळं होती, दाट, मालगाडीच्या रुळांच्या कडेने. मंडळातल्या निम्म्या लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. टेकडीवाल्याने रस्ता ओलांडून पलीकडून जायला सुरुवात केली. तिने हे ताईला सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, बरं झालं, तुझ्याशी चालताना त्याला वाकून बोलावं लागायचं, त्याची कंबर वाचली.

आता पुढचा रस्ता एकच होता. थोरल्यांनी पहिला राखकण जिथे पकडला होता तिथून ताजा पतंग मिळवायचा, पानातून वाढवायचा, आणि त्याचं त्याच्या स्वतःच्याच धडाला असलेलं पोट बघायचं. ती जागा म्हणजे शहराच्या पाण्याच्या जुन्या टाकीचं आवार. टाकी अजून होती, भिंतही होती. तणांचा हंगाम आला तशी पहिल्याच सुट्टीला बारकी निघाली. ताईही निघाली. का, तर म्हणे टाकीजवळ हवा चांगली असते.

बसमध्ये ताईने विचारलं, "आणि समजा तिथला त्यांच्यासारखा निघाला. तुझ्यासारखा नाही. मग?"

"मग माझ्याकडे सगळे जुळे. तसं लिहून देईन. जुळ्यांचाही नकाशा लागतोच कोणालातरी."

"आणि ती चिठ्ठी?"

"ती नाही लिहिणार. मी जे बघितलं ते तेव्हाही तसंच होतं. नाव चुकेल माझं, नजर कशी चुकेल?"

ताईने खिडकीबाहेर बघत मान हलवली. ती हो होती की नाही ते बारकीला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

आवाराच्या फाटकातून आत गेल्यावर भिंतीच्या कडेला उकिडवा बसलेला माणूस दिसला. रुमाल मानेवर टाकलेला, शेजारी औषधांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. औषधवाले. त्यांनी मान वर करून बघितलं, बारकीला ओळखलं आणि परत पानांत डोकं घातलं.

बारकी त्यांच्यापासून दोन हातांवर बसली. तण दाट होतं. वरची पानं कोरी, खालच्या, सावलीतल्या पानांवर कुठे कुठे पांढरी रेघ. काही रेघा संपून गेलेल्या, अळी निघून गेलेली. काहींच्या रुंद टोकाशी अजून हालचाल होती. तिने एक पान तोडून पिशवीत टाकलं.

"ते माझ्या बाजूचं होतं," औषधवाले म्हणाले.

"बाजू कोणी आखली?"

"मी आधी आलोय."

"मग आधी दिसायला हवं होतं."

थोड्या वेळाने औषधवाल्यांनी स्वतःच्या हातातलं पान उजेडाला धरलं, डोळे बारीक केले, चष्मा कपाळावर घेतला, परत खाली आणला. वय झालं होतं. त्यांनी ते पान न बोलता तिच्यापुढे केलं.

बारकीने पान घेतलं आणि सूर्याकडे धरून बघितलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "पण पोट तुम्ही नाही सोडवायचं. मी सोडवणार. तुम्ही समोर बसून बघायचं."

"समोरच बसणार आहे," औषधवाले म्हणाले. "डोळ्यात तेल घालून. आणि पंखही आधी मी बघणार."

"बघा की."

फाटकाशी ताई पायरीवर पदराने वारा घेत बसली होती. दोघं अजून भांडतायत का याचा अंदाज घेऊन तिने डब्याचं झाकण उघडलं.